बंद राघू पार्कात लावलेले रोडगे

जाऊबाईचा फोन आला तेव्हा मी वांगी चिरत होती. तिनं ना रामराम केला, ना तब्येत विचारली.

"बाई, तुमच्या दिराचं डोकं फिरलं. तुम्ही आल्याशिवाय ठिकाणावर येत नाही. पुढच्या रविवारी पार्क घेणारा येऊन राहिला, अन् हे कधी हो म्हणते, कधी नाही म्हणते. तुम्ही या, अन् हो म्हणवून द्या."

आधी माणसं सांगते, मग प्रवास. मधुकरराव माझे धाकटे दीर, प्रमिला त्यांची बायको. पांढुर्ण्याहून सौंसरला जाताना जामसांवलीच्या फाट्याच्या थोडं अलीकडे त्यांची जमीन आहे. तिथं आधी संत्र्याचा बगीचा होता. डिंक्या रोग लागला, झाडं वाळली, तेव्हा अर्ध्या वावरात दिरानं पार्क काढला. जत्रेत पाळणा लावणारा एक म्हातारा धंदा सोडून राहिला होता, त्याचा आकाशपाळणा उचलून आणला. झोके घेणारी बोट आणली, छोटी रेल्वे आणली, पोट फुगलेलं अन् पाय आखूड दाखवणारे आरसे आणले. फाटकावर चोचीत संत्रं धरलेला सिमेंटचा राघू बसवला अन् नाव ठेवलं राघू पार्क. एके काळी तिथं शाळेच्या सहलींच्या गाड्या लागायच्या, लग्न झालेली जोडपी फोटो काढायला यायची. आता नागपूरकडे पाण्याचे मोठे पार्क झाले. पोरं तिकडं जातात, नाही तर घरात मोबाईल घेऊन पडतात. आता एक प्लॉट पाडणारा जमीन मागून राहिला होता.

माझं मत साफ होतं. विका अन् मोकळे व्हा. लोखंड म्हातारं झालं, माणूसही म्हातारा झाला. दोघांनी मिळून गंजायची काही गरज नाही.

एकटी गेली असती, पण आमच्या गल्लीतली शेवंता मागं लागली. जामसांवलीच्या मारुतीला तिनं नवसाचे रोडगे बोलले होते. गुडघा बरा झाला तर रोडगे. गुडघा डॉक्टरनं ऑपरेशन करून बरा केला, पण रोडगे मारुतीला, डॉक्टरला नुसती फी. मी तिला तसं म्हटलं तर म्हणते, "डॉक्टरले बुद्धी कोणं देल्ली?" या बाईशी वाद घालणाऱ्यानं घरून डबा घेऊन निघावं. तिनं जाडं दळलेलं गव्हाचं पीठ, तुपाचा डबा अन् वांगी अशी थैली भरली, अन् थैली माझ्या हातात दिली, कारण तिचा गुडघा.

शुक्रवारी सकाळी वर्ध्याहून निघालो. नागपूरला गाडी बदलायची अन् इटारसीच्या लाइनीची पॅसेंजर धरायची. डब्यात गर्दी होती, पण थंडीच्या दिवसात गर्दी परवडते, आंगाला आंग लागून ऊब राहते. काटोलपासून दोन्ही बाजूला संत्र्याचे बगीचे लागतात. जानेवारीचा महिना, कुठं तोडणी चालू, कुठं झाडं नुसती उपाशी उभी, पानं मरगळलेली. नरखेड सोडलं की मध्यप्रदेश लागतो. पाट्या हिंदी होतात, भांडणं मराठीतच चालतात.

जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना. नरखेडला गप्पा आवरा. आम्ही आवरल्या नाहीत. शेवंता तिच्या सुनेच्या माहेरचं सांगत होती, गोष्ट रंगात आली होती, अन् मी पण काही कान बंद करून बसली नव्हती. पांढुर्णा आलं अन् गेलं. तिगावला गाडी थांबली तेव्हा समोरचा माणूस म्हणाला, "मावशी, तुम्हाले पांढुर्ण्याले उतराचं होतं न?" मी म्हटलं, "मंग सांगाव न, बाबू!" तर म्हणतो, "गोष्ट अर्धी होती, म्हटलं पुरी होऊ द्या." तिगावला उतरलो. स्टेशन लहान अन् शांत आहे, पाणी गोड आहे, अन् पांढुर्ण्याला परत न्यायला ऑटो मिळतो. ऑटोवाला उगाच हसतो, तेवढं सहन करावं.

पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे. बाजार तसाच आहे, पण माणसांच्या चालण्यात जरा जिल्हा आला आहे. स्टँडजवळ एका टपरीवर आलूबोंडा खाल्ला, वरून तर्री. तर्री अशी की शेवंताचं नाक अन् डोळे एकदमच वाहायला लागले. खरंच चांगली, जाणाऱ्यांनी सोडू नका, फक्त पदर जपा. टपरीवाला गप्पिष्ट होता.

"कुठं चालल्या मावशी?"

"राघू पार्कात."

"ते त बंद झालं. दिवाळीनंतर मालक वारले म्हणते."

"कोण म्हणते?"

"सारेच म्हणून राहिले. चांगला माणूस होता बिचारा."

मी म्हटलं, "मी त्याची मोठी वहिनी आहे रे. तो मेला असता त मले न विचारता मेला नसता."

त्याला जरा वाईट वाटलं, पण बातमी सोडायला तयार नाही. "मंग विकलं असन," म्हणाला. पांढुर्ण्यात गोटमारीचे दगड वर्षातून एक दिवस उडतात, बातम्या रोज.

पुढं काळीपिवळी जीप धरली. सौंसरकडे जाणाऱ्या जीपा भरल्याशिवाय निघत नाहीत, अन् भरल्यावरही थोडा वेळ निघत नाहीत. ड्रायव्हरला पार्काचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "तिथं आता कोणी उतरत नाही. फाट्यावर उतरा, मागं चालत या." मी म्हटलं, "हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, अन् माझ्या जिभेचं अजून बाकी आहे. कोणतं पाहिजे?" त्यानं पार्कासमोरच उतरवलं.

फाटकावरच्या राघूचा हिरवा रंग उडून तो काळपट झाला आहे. नवीन माणसाला वाटावं, कावळ्यानं संत्रं पळवलं. फाटकाला मुठीएवढं कुलूप. ना पाटी, ना माणूस. अन् आत, झाडांच्या वर, आकाशपाळणा फिरत होता. सगळ्या पेट्या रिकाम्या. डिझेल इंजिनाचा ठकठक आवाज येत होता अन् पाळणा आपला गोल गोल.

शेवंतानं माझा दंड धरला. "अवं माय! मेलेला माणूस पाळणा फिरवून राहिला का वं?"

तेवढ्यात बाजूच्या लहान दारातून मेलेला माणूस बाहेर आला. हातात शेंगा, कानाला मफलर. "या वयनी! केवढा उशीर केला. तिगाव पाहून आल्या का?"

या घराण्यात अक्कल कमी असेल, पण जीभ कोणाचीच कमी नाही.

आत गेलो, हातपाय धुतले, चहा झाला. पाळणा काहून फिरवता, म्हणून विचारलं. म्हणाले, रोज सकाळ-संध्याकाळ रिकामा फिरवावा लागते, नाही त गंज धरते. इंजिन तेच, ज्यानं पूर्वी बगीच्याला विहिरीचं पाणी दिलं. बोटीला मात्र साखळी लावलेली. "तिच्या कड्या झिजल्या," भाऊजी म्हणाले. "ज्याच्यावर मी माहा नातू बसवत नाही, त्याच्यावर लोकाचं पोर कायले बसवू?" तेवढं शहाणपण शिल्लक आहे, हे पाहून मला बरं वाटलं. मग मी मुद्द्यावर आली.

"भाऊजी, पार्क विकला नाही, तुम्ही मेले नाही, मंग फाटकाले कुलूप काहून?"

त्यांनी शेंगेचं टरफल शांतपणे बाजूला ठेवलं. "ताण देल्ला."

"कोणाले?"

"पार्काले."

ज्यांच्या घरी संत्री नाहीत त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याच्या झाडाला बारा महिने पाणी देत राहिलं तर ते नुसती पानं काढतं. म्हणून बहार धरायच्या आधी पाणी तोडतात. जमीन भेगाळते, पानं सुकतात, झाड उपाशी राहतं. याला ताण देणं म्हणतात. मग योग्य वेळी पाणी सोडलं, म्हणजे ताण तोडला, की झाड पांढरंशुभ्र फुलून येतं. माझ्या दिरानं हा हिशोब माणसांना लावला होता.

"दिवाळीत बी लोक आले नाही वयनी. म्हटलं, रोज उघडं दिसते म्हणून किंमत नाही. दोन महिने बंद ठेवतो. भुकेजले म्हणजे कसे तुटून पडते, पाहा."

"पाटी लावली का, की अमक्या दिवशी उघडते म्हणून?"

"पाटी लावली त ताण कशाचा?"

प्रमिला चुलीपासून ओरडली, "ऐकलं न बाई? म्हणूनच म्हटलं या!"

मी म्हटलं, "भाऊजी, झाडाले पाय नाही म्हणून ते ताण सहन करते. पाय असते त ते शेजारच्या वावरात जाऊन पाणी पिऊन आलं असतं. लोकाईले पाय आहे. ते नागपूरले गेले, अन् जाता जाता तुम्हाले वरती पोचवून गेले!"

टपरीवाल्याचं सांगितलं तर ते हसले, पण हसणं अर्ध्यावर थांबलं. बराच वेळ शेंगा फोडत राहिले, खाल्ली एक पण नाही. मग म्हणाले, "उद्या शनिवार. जामसांवलीले जाणारी सारी दुनिया समोरून जाते. उद्या ताण तोडतो. लोक आले त पार्क ठेवतो. नाही आले त परवा त्या प्लॉटवाल्याले हो म्हणतो. वयनीसमोर शब्द देऊन राहिलो."

"उद्या काही तुटत नाही," प्रमिला म्हणाली. फाटकाची किल्ली तिच्या पदराच्या गाठीत होती, तिनं ती गाठ आम्हाला दाखवली. "गर्दी आली का हे पुन्हा लहान होते. मंग मी त्या तिकिटाच्या खोपटात, उन्हात, मरेपर्यंत. मले नाही बसायचं. परवा माणूस येते, तोपर्यंत फाटक बंद."

मी प्रमिलाच्या बाजूनं बोलली. साफ सांगते, लपवत नाही. म्हटलं, भाऊजी, हिचं खरं आहे. तिनं आयुष्यभर तिकिटं फाडली, पण स्वतः कुठं तिकीट काढून गेली नाही. रात्री जेवायला वरण-भात, ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी होती. भाजीसाठी तरी सौंसर तालुक्यात यावं, एवढं लिहून ठेवते.

शनिवारी सकाळी शेवंताला घेऊन जामसांवलीला गेलो. भाऊजी आले, प्रमिला पण आली, किल्लीसकट. फाट्यापासून आत ऑटो मिळतात. पिंपळाखाली मारुती आडवा झोपलेला आहे. बाकी देव उभे राहून थकतात, हा आराम करतो, म्हणून मला त्यातल्या त्यात पटतो. रांग लांब असते पण सरकत राहते. चपला एकाच जागी ठेवा अन् ती जागा लक्षात ठेवा. शेवंतानं दर्शन घेतलं, गुडघ्याला हात लावला, दोनदा रडली.

आता रोडगे. रोडगे म्हणजे जाड कणकेच्या पुऱ्या, तेल लावून एकात एक गुंडाळून केलेले गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे, तूप ओतायचं, वांग्याच्या भाजीसोबत खायचे. मारुतीला पहिला, बाकी आपल्याला. पण त्या शनिवारी गर्दी अशी, की रोडगे लावायला कुठं पाय ठेवायची जागा नाही. जिथं जावं तिथं कोणाच्या तरी गोवऱ्या पेटलेल्या. शेवंता थैली घेऊन इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेवटी मधोमध उभी राहिली अन् तोंड असं केलं, जसं काही मारुतीनं तिचा नवसच वापस केला.

"घरी जाऊन लावू," मी म्हटलं. "पार्कात जागाच जागा आहे. तुही इच्छा मारुतीले तिथून बी दिसते."

मी हे पार्कासाठी म्हटलं नाही. शेवंताला गप्प करायला म्हटलं. पण आमच्या शेजारी मुलताईकडचं एक कुटुंब तसंच थैल्या घेऊन उभं होतं. त्यांच्यातली सून म्हणाली, "मावशी, आमाले बी जागा देता का?" भाऊजी माझ्याकडे पाहतात, मी प्रमिलाकडे. प्रमिला म्हणाली, "या. पण लहान दारानं."

पार्कात मोठ्या चिंचेखाली गोवऱ्या पेटवल्या. गोवऱ्या प्रमिलाच्याच, गोठ्यामागं ढीग होता. धूर सरळ वर गेला. मुलताईची पोरं आधी लाजली, मग त्या आरशांसमोर जाऊन असे वेडे चाळे करायला लागली की त्यांचा आजोबाच पोट धरून बसला. आजोबा आरशात बारीक झाला होता, त्याला ते फार आवडलं, तो हलायलाच तयार नाही. भाऊजींनी इंजिन चालू केलं.

"वयनी, इतके वर्षं झाले, तुम्ही एकदा बी बसल्या नाही. विकायच्या आधी बसून घ्या."

रोडगे व्हायला वेळ होता, अन् दीर पुन्हा पुन्हा म्हणत राहिला असता, म्हणून बसली. शेवंता आधी नाही नाही म्हणाली, अन् माझ्याआधी पेटीत जाऊन बसली. पाळणा वर निघाला. शेवंतानं रामाचं, मारुतीचं अन् तिच्या मेलेल्या नवऱ्याचं, सगळ्यांचं नाव घेतलं. वरून मात्र चांगलं दिसतं. बगीचे चौकोन-चौकोन, मधी कापसाच्या शेवटच्या वेचणीची वावरं, दूर देवळावरचा झेंडा. अन् खाली रस्ता, जामसांवलीहून परत येणाऱ्या गाड्यांनी भरलेला.

तिथूनच मला ते दिसलं. एक जीप धूर पाहून थांबली. माणसं उतरली, फाटकापाशी आली, कुलूप हलवून पाहिलं. पोरांनी गजात तोंडं घातली. मग बापानं पोरांना दंडाला धरून मागं नेलं अन् जीप गेली. आमची पेटी खाली गेली, पुन्हा वर आली. आता एक ऑटो थांबला. तेच. कुलूप हलवलं, आत पाहिलं, गेले. पुन्हा वर आली, तर एक म्हातारी फाटकाला टेकून उभी, हातात रोडग्याची परात.

आता सांगते मला काय झालं. मला पाळण्याचं प्रेम आलं नाही. पार्काचं वाईट वाटलं नाही. मला राग आला. विकायचं तर विका, पेटवायचं तर पेटवा. पण दारात आलेलं माणूस, अन् तेही परात घेऊन आलेलं, कुलूप हलवून परत जाते, हे माझ्या सासरच्या घरात मी कधी पाहिलं नाही.

वरूनच ओरडली. "भाऊजी! फाटक उघडा! लोक वापस जाऊन राहिले!"

भाऊजी इंजिनापाशी. वर पाहून हात कानाला लावतात, इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. पुन्हा ओरडली. या खेपेला मुलताईच्या सगळ्या कुटुंबानं ऐकलं अन् मिळून ओरडलं, "फाटक उघडा म्हणते!"

भाऊजींनी इंजिन बंद केलं. पाळणा थांबला, आम्ही मधातच लटकलो. भाऊजी जागचे हलले नाहीत, कारण किल्ली त्यांच्याजवळ नव्हती. त्यांनी प्रमिलाकडे पाहिलं. ती चिंचेखाली बसलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत. शेवंताचं पीठ कमी पडलं होतं, म्हणून तिनं घरचं आणून मळायला घेतलं होतं. तिनं फाटकाकडे पाहिलं. ती म्हातारी तिथंच उभी होती, परात आता कमरेवर घेतलेली.

प्रमिला म्हणाली, "माहे हात पिठाचे आहे. पदराची गाठ तुम्हीच सोडा."

चारचौघांत, मारुतीच्या दिवशी, माझ्या दिरानं बायकोच्या पदराची गाठ सोडली. सुटता सुटेना. बायका हसायला लागल्या. मुलताईचा आजोबा म्हणाला, "अरे घाई करा भाऊ, त्या दोघी वर वाळून राहिल्या!" शेवंता वरून म्हणाली, "करा आरामात, मी आता इथंच राहते." तिची भीती कुठं गेली कोण जाणे.

फाटक उघडलं, इंजिन पुन्हा लावून भाऊजींनी आम्हाला खाली उतरवलं. मग दुपारभर काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण मी वांगी चिरत होती. एक गाडी थांबली की मागची थांबायची. लोक विचारायचे, "इथं रोडगे लावू देता का?" पाळण्याचं कोणी विचारत नव्हतं. रोडगे निखाऱ्यात गेल्यावर मात्र सगळ्यांचे हात रिकामे, अन् समोर पाळणा. मग पोरं आयांना ओढायची, आया बापांना. म्हातारे आरशांपुढं रांगेत. छोट्या रेल्वेचं इंजिन कधीचं मेलं आहे, पण पोरं तिच्या डब्यात बसून तोंडानंच शिटी मारत होती. प्रमिला कंबर खोचून फिरत होती. "इकडं नको, झाडापासून दूर लावा! राख तिकडं टाका! ओ भाऊ, तूप आणलं नाही त रोडगे काय पाण्यात बुडवता?" असा आवाज मी तिचा लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. भाऊजी इंजिनाला चिकटलेले. मधून एकदा माझ्याजवळून जाताना म्हणाले, "वयनी, ताण तुटला."

मी म्हटलं, "पाणी लोकाईनंच आणलं. तुम्ही नुसते बांधावर उभे होते."

आता सगळं खरं सांगायचं तर रविवारी कोणी फारसं आलं नाही. दोन-तीन कुटुंबं, अन् मालक जिवंत आहे का हे पाहायला आलेला टपरीवाला. त्यानं भाऊजींना नमस्कार केला अन् म्हणाला, "काका, तुमची तब्येत छान झाली." दुपारी प्लॉटवाला आला. पांढरी गाडी, पांढरा सदरा, माणूस बोलायला गोड. प्रमिलानं त्याच्यापुढं कालचा रोडगा गरम करून, तूप घालून ठेवला. त्यानं तो खाल्ला, बोटं पुसली अन् म्हणाला, "काका, मग काय ठरलं?"

भाऊजी म्हणाले, "तुमच्या घरी बगीचा आहे का?"

"होता. वडिलांच्या वेळेस."

"मंग तुम्हाले समजते. ताण तुटल्यावर बहार फुटते का नाही, हे पाह्यल्याशिवाय कोणी झाड तोडत नाही. काल कळ्या दिसल्या. फळ धरते का नाही, थोडं पाहू द्या."

"अन् नाही धरलं तर?"

"त जमीन तुमचीच. वयनी साक्षीला आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मले वाटते यानं विकाव. पण शब्द देते, की हा शब्द पाळंल." तो हसला. पावसापर्यंत थांबतो म्हणाला. त्यानंतर नाही, पुढं त्याचे पैसे दुसरीकडे अडकतात. भाऊजींनी मान हलवली. मी प्रमिलाकडे पाहिलं, की आता ही भडकते. ती उठली, त्याच्या गाडीपर्यंत गेली अन् म्हणाली, "साहेब, गाडी मागं घेताना जरा जपून. तिकडं मी गोवऱ्या थापल्या आहे."

मी जाऊन पाहिलं. सकाळीच थापलेल्या, ओल्या. गोठ्यामागं नाही, फाटकाजवळ, उन्हात. मावतील तेवढ्या.

सोमवारी निघालो. प्रमिला रस्त्यापर्यंत आली. हात दाखवून जीप थांबवली, ड्रायव्हर तोच. "चालू झालं का काकू पार्क?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "शनिवारी अन् मंगळवारी गाडी इथंच थांबव, फाट्यावर नेऊ नको. अन् सवारीले सांग, पीठ घरून आणा, गोवऱ्या इथं भेटते." परतीच्या गाडीत आम्ही पांढुर्ण्यालाच बसलो, तिगावला नाही. नरखेड आलं तेव्हा शेवंता गुडघा चोळत होती. मग म्हणाली, "दुसरा गुडघा बी दुखून राहिला वं. त्याचे बी बोलून ठेवू का?"

घरी आल्यावर गल्लीतल्या बायकांनी विचारलं, वाचला का पार्क? मला माहीत नाही. पावसापर्यंत वाचला, एवढं खरं. पाळणा जुना आहे, भाऊजी जुने आहेत, रोडगे खायला आलेली माणसं दर शनिवारी येतीलच असं कोणी लिहून दिलेलं नाही. मारुतीलाही दुसरी कामं असतात. ज्यांना जायचं त्यांनी या उन्हाळ्याच्या आत जावं. शनिवारी किंवा मंगळवारी, सकाळी दर्शन करून. पीठ जाडं दळून न्या, तूप घरचं न्या. बोटीवर बसायचा हट्ट करू नका. पाळण्यात बसा, अन् वर गेल्यावर रस्त्याकडे पाहा. काळजी करू नका, फाटक उघडं असतं.

माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल, तर लुगड्याला धुराचा वास राहिला. दोनदा धुतलं, जात नाही. अन् सुनेचा टोमणा राहिला. ती म्हणते, आई, तुम्ही काकूंच्या बाजूनं पार्क विकवायला गेल्या अन् पार्क चालू करून आल्या, पलटल्या. मी तिला सांगितलं, तुम्हालाही सांगते. मी जाताना प्रमिलाच्या बाजूनं गेली होती, अन् येताना प्रमिलाच्याच बाजूनं आली. बाजू तिनं बदलली, त्याला मी काय करू?